तीन दिवस आधी तो बोलला होता

गेल्या बकरी ईदला माझा मोठा मुलगा पनवेलहून घरी आला होता. तो तिथे कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. रात्रीची जेवणे आटोपून मी भांडी आवरत होते. तेव्हा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "अम्मी, 'ब्लॅक फ्रायडे' हा पिक्चर आपल्या लोकांच्या विरुद्ध आहे का?"

होस्टेलमधल्या मुलांच्या मोबाइलवर या चित्रपटातले तुकडे फिरत असतात. त्यातले संवाद मुले एकमेकांना म्हणून दाखवतात, हसतात. अशाच एका रात्री कोणीतरी त्याला म्हणाले, "तू श्रीवर्धनकडचा ना? मग तुला तर सगळे ठाऊक असेल!" बोलणाऱ्याच्या मनात काही नसेल. माझ्या मुलानेही ते हसण्यावारी नेले. पण चार महिन्यांनी तो मला ते सांगत होता, यावरूनच ते त्याच्या मनात किती रुतले होते हे कळले.

मला उत्तर देता आले नाही, कारण मी तो चित्रपट पाहिलाच नव्हता. २००७ साली तो थिएटरात आला, तेव्हा आमच्या घरी आणि शेजारीपाजारी एकच मत होते: आपल्याकडे बोट दाखवणारा आणखी एक सिनेमा. ते मत कोणी चित्रपट पाहून बनवले नव्हते. वर्गात मी मुलांना रोज सांगते, धडा वाचल्याशिवाय उत्तरे लिहू नका. इथे मात्र मी स्वतःच इतकी वर्षे न वाचलेल्या धड्याचे उत्तर पाठ करून बसले होते.

मी म्हटले, "उद्या आपण दोघे मिळून पाहू. मग सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी मुले आजोळी गेल्यावर आम्ही मायलेक बसलो. पहिली काही मिनिटे झाली आणि मी त्याला चित्रपट थांबवायला सांगितला. पुढचे नंतर पाहिले, पण ती पहिली काही मिनिटे अजून माझ्या डोळ्यांसमोरून हटत नाहीत. आज लिहायचे आहे ते त्याबद्दलच.

न्यायालयात अडकलेला चित्रपट

ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'ब्लॅक फ्रायडे' हा १२ मार्च १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा चित्रपट. पत्रकार एस. हुसैन झैदी यांच्या त्याच नावाच्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. दिग्दर्शक अनुराग कश्यप. मुंबईच्या गुन्हेगारी जगावरच्या 'सत्या' या चित्रपटाच्या लेखकांपैकी ते एक होते. के. के. मेनन यांनी तपास करणाऱ्या पोलीस उपायुक्तांची, पवन मल्होत्रा यांनी टायगर मेमनची आणि आदित्य श्रीवास्तव यांनी बादशाह खान या आरोपीची भूमिका केली आहे. आपले कवी-अभिनेते किशोर कदमही त्यात आहेत.

चित्रपट २००४ मध्ये तयार झाला आणि परदेशातल्या महोत्सवात दाखवलाही गेला. आपल्याकडे २००५ च्या जानेवारीत तो प्रदर्शित होणार होता. पण बॉम्बस्फोटांचा खटला तेव्हा टाडा न्यायालयात चालू होता. निकाल लागण्याआधीच पडद्यावर आम्हाला गुन्हेगार ठरवले जाईल, असे म्हणत आरोपी उच्च न्यायालयात गेले आणि प्रदर्शनाला स्थगिती मिळाली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. सप्टेंबर २००६ पासून टाडा न्यायालयाने निकाल द्यायला सुरुवात केली. १२३ आरोपींपैकी १०० जण दोषी ठरले, २३ निर्दोष सुटले. त्यानंतर ९ फेब्रुवारी २००७ रोजी चित्रपट लोकांसमोर आला. म्हणजे तयार झाल्यावर दोन-अडीच वर्षे तो डब्यात बंद होता. आरोपींचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मला वाटत नाही. निकालाआधी माणसाला दोषी ठरवू नये, हे इन्साफाचे पहिले तत्त्व आहे.

पहिला प्रसंग

आता त्या प्रसंगाकडे येते.

बॉम्बस्फोटांवरचा चित्रपट म्हटल्यावर आपण काय अपेक्षा करतो? मोठा आवाज, आग, धूर. या चित्रपटात तेही येते, पण आधी येते एक पोलीस ठाणे. तारीख ९ मार्च १९९३. ठिकाण वांद्र्याच्या पूर्वेचे नवपाडा पोलीस ठाणे. गुल मोहम्मद नावाचा एक तरुण पोलिसांच्या ताब्यात आहे. त्याला 'गुल्लू' म्हणतात. कोणी मोठा गुंड नव्हे. वस्तीतला एक किरकोळ पोरगा. त्याची चौकशी चालू आहे आणि अशा चौकशीत जे होते ते होते आहे. बोलता बोलता तो एक भलतीच गोष्ट सांगू लागतो: शहरात मोठमोठ्या जागी बॉम्ब ठेवायचा कट शिजला आहे, त्यासाठी मुले तयार केली गेली आहेत.

ऐकणाऱ्यांना ते खरे वाटत नाही. मार खाणारा माणूस सुटण्यासाठी काहीही बडबडतो, असे समजून ते पुढे जातात.

मग पडद्यावर १२ मार्च येतो. शुक्रवार, रमजानचा महिना, दुपारची वेळ. दलाल स्ट्रीटवरच्या शेअर बाजाराच्या इमारतीचा परिसर. कामात गढलेली माणसे, गर्दी, घाई. आणि स्फोट. त्यानंतर धुरातून, रक्तातून वाट शोधणारी माणसे. ती काही वेगळ्या जगातली नाहीत. सकाळी डबा घेऊन घरातून निघालेली, लोकल पकडून आलेली माणसे आहेत.

त्या दुपारी दोन-अडीच तासांत शेअर बाजार, मशीद बंदरचा धान्यबाजार, शिवसेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, एअर इंडियाची इमारत, वरळीचा सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, प्लाझा सिनेमा अशा ठिकाणी स्फोट झाले. माहीमच्या मच्छीमार वसाहतीत हातबॉम्ब फेकले गेले. २५७ माणसे गेली, सातशेहून अधिक जखमी झाली.

एवढे पाहून मी मुलाला थांबवायला सांगितले. मला पाणी प्यायचे होते.

मुलगा म्हणाला, "अम्मी, त्याने तर सांगितले होते."

होय. तीन दिवस आधी तो बोलला होता.

ऐकले का नाही?

शिक्षिका म्हणून माझे मन पहिल्यांदा तिथेच अडकले. पोलिसांनी ऐकले का नाही?

एक कारण उघड आहे. डिसेंबर-जानेवारीच्या दंगली नुकत्याच शमल्या होत्या. रोज शेकडो लोकांची धरपकड, रोज शेकडो अफवा. त्यात एका पोराचे बोलणे कोण मनावर घेणार? पण दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. जिथे माणसाला मारून बोलते केले जाते, तिथे त्याच्या शब्दाला किंमत उरत नाही. मारणाऱ्यालाच ठाऊक असते की मार खाणारा हवे ते बोलतो. मग तो खरे बोलला, तरी ते खोट्याच्या ढिगात जाऊन पडते. मारहाणीने सत्य बाहेर येते असे अनेकांना वाटते. हा प्रसंग दाखवतो की सत्य बाहेर आले तरी ते ओळखणारा कान त्याच मारहाणीने बहिरा झालेला असतो.

आणि पुढचा भाग तर आणखी चटका लावणारा आहे. स्फोटांनंतर वरळीला एक मारुती व्हॅन बेवारस सापडली, आत शस्त्रे होती. तिच्या नोंदणीवरून पोलीस मेमन कुटुंबाच्या दारापर्यंत पोहोचले आणि तिथून सगळा तपास उलगडत गेला. स्फोटांनंतर एका गाडीचा नंबर पुरेसा ठरला. स्फोटांआधी एका जिवंत माणसाची जीभ पुरेशी ठरली नव्हती.

कुरआन शरीफात सूरह हुजुरातमध्ये आपल्याला शिकवण आहे की, भरवशाच्या नसलेल्या माणसाने बातमी आणली तर तिची शहानिशा करा. नाही तर अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. आपण या आयतीचा अर्थ नेहमी एकाच बाजूने घेतो: अशा माणसावर विश्वास ठेवू नका. पण तिथे विश्वास ठेवू नका असे म्हटलेले नाही, पडताळून पाहा असे म्हटले आहे. बातमी आणणारा वाईट आहे म्हणून ती फेकून देणे हीसुद्धा शहानिशा न करणेच झाले.

मी पोलिसांना दोष देऊन मोकळी होत नाही. माझीही एक गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. अभ्यासाचे नाव नको, रोज नवी सबब. एक दिवस तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, मागचा पंखा हलतोय, तिथे बसायला नको." मी म्हटले, "तुला मागे बसून गप्पा मारता येत नाहीत म्हणून पंखा हलतो का?" वर्ग हसला. तो खाली बसला. पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत तो पंखा बाकावर पडला. मुले बाहेर डबा खात होती, अल्लाहची मेहेरबानी. मी धावत वर्गात गेले तर तो मुलगा दारात उभा होता. तो काहीच बोलला नाही. "मी सांगितले होते" असेही म्हणाला नाही. त्याचे ते न बोलणे मला आजही बोचते. खोटारडा अशी चिठ्ठी आपण एकदा मुलाच्या कपाळावर चिकटवली की त्याचे खरेही आपल्याला ऐकू येत नाही. आणि थोड्या दिवसांनी तो सांगणेच बंद करतो.

आमच्या किनाऱ्यावरचे दिवस

मुलाच्या मित्राने त्याला जे विचारले, त्याचे मूळही त्याच १९९३ सालात आहे. तेव्हा मी आठवीत होते. आमचे गाव श्रीवर्धन तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. बाकीच्या कोकणी मुसलमान घरांसारखेच आमचे घर: एक चाचा मुंबईत, एक मामा आखातात, गावात म्हातारी माणसे, बाया आणि मुले.

चाचा मशीद बंदरच्या धान्यबाजारात एका पेढीवर कारकून होते. १२ मार्चला इफ्तारच्या वेळी रेडिओवर बातमी लागली. त्यात धान्यबाजाराचे नाव आले तेव्हा दादीच्या हातातली खजूर तशीच राहिली. गावात फोन एकच. अब्बा रात्रभर तिथे बसून होते. तिसऱ्या दिवशी निरोप आला की चाचा ठीक आहेत. ते जुम्याच्या नमाजेला गेले होते, परतायला थोडा उशीर झाला, म्हणून वाचले.

चाचा ईदला गावी आले, पण फार बोलत नव्हते. कितीतरी वर्षांनी, माझ्या लग्नाच्या सुमारास, त्यांनी अब्बांना सांगितले. पेढीवर साताऱ्याकडचा एक माथाडी कामगार होता. दोघे रोज डबा वाटून खायचे. रमजानमध्ये चाचा रोजा धरायचे, तेव्हा तो त्यांच्यासमोर डबा उघडत नसे, बाहेर जाऊन खाऊन येई. जानेवारीत दंगल पेटली तेव्हा चाचा दोन आठवडे कामावर जाऊ शकले नव्हते. त्यांचा पगार त्या माणसाने स्वतः भायखळ्याला खोलीवर आणून दिला होता. त्या वेळी ते अंतर पार करणे म्हणजे काय, हे ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांनाच कळेल. १२ मार्चला तो गेला. बदला घ्यायला निघालेल्यांनी ज्यांचा बदला घेतला, त्यांत तो होता.

थोड्याच दिवसांत आणखी एक बातमी आली. स्फोटांत वापरलेले आरडीएक्स आमच्याच किनाऱ्यावर उतरवले गेले होते. दिघी, शेखाडी ही नावे वर्तमानपत्रांतून देशभर गेली. चित्रपटातही तो माल उतरवण्याचा प्रसंग आहे. पोलिसांच्या गाड्या गावागावांतून फिरू लागल्या, अनेकांना चौकशीला नेले. काही खरेच सामील होते, न्यायालयात ते सिद्ध झाले. पैशासाठी डोळे मिटून घेणारे सरकारी नोकरही त्यात होते. पण ज्यांचा काही संबंध नव्हता, अशा घरांनीही ती वर्षे दाराला कडी लावून काढली. मी बीएडला होते तेव्हा होस्टेलमध्ये पहिल्याच दिवशी एकीने विचारले, "गाव कुठले?" मी सांगितले आणि मध्ये जो क्षणभर थांबा आला, तो थांबा मी ओळखते. माझ्या मुलाला आता पनवेलला तोच थांबा भेटला.

आधी काय, मग का

चित्रपटाबद्दल आपल्याकडे दोन तक्रारी ऐकू येतात. पहिली, तो मुसलमानांना बदनाम करतो. दुसरी, उलट बाजूची, तो स्फोट घडवणाऱ्यांना समजून घेतो. पूर्ण चित्रपट पाहिल्यावर मला दोन्ही पटल्या नाहीत, आणि त्याचे कारण त्याच्या सुरुवातीतच आहे.

चित्रपट घटना उलट्या क्रमाने मांडतो. आधी स्फोट, मग तपास आणि पकडापकडी, मग कट. अगदी शेवटी तो मागे जातो: ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली तिथे, आणि त्यानंतर मुंबईत जे झाले तिथे. तपासातली मारहाण तो लपवत नाही. आरोपींच्या घरच्या बायकांचे हाल लपवत नाही. दंगलीतले जळणेही लपवत नाही.

ते लपवण्यासारखे नाहीच. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला, त्यात त्या दंगलींत ९०० माणसे मेल्याची नोंद आहे. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू आणि उरलेले इतर किंवा ओळख न पटलेले. आयोगाने नावे घेऊन, पोलीस ठाणी सांगून लिहिले. स्फोटांच्या खटल्यात १०० जण दोषी ठरले. दंगलीच्या खटल्यांत शिक्षा झालेले शोधून काढावे लागतात. हे दुःख खरे आहे. ते बोलून दाखवणे गुन्हा नाही आणि ते विसरा असे मी कोणाला सांगणार नाही.

पण समजा, चित्रपट ६ डिसेंबरपासून सुरू झाला असता. आधी मशीद, मग दंगल, मग स्फोट. पाहणाऱ्याच्या मनात आपोआप एक शब्द उमटला असता: "म्हणून". आमच्यावर जुलूम झाला, म्हणून स्फोट झाले. या एका "म्हणून"मध्ये २५७ माणसे गाडली गेली असती. दिग्दर्शकाने ती वाट घेतली नाही. त्याने आधी मेलेली माणसे दाखवली. काय झाले ते नीट बघा, मग का झाले ते विचारा. कारण सांगितल्याने घटना समजते. गुन्हा माफ होत नाही. एखाद्या कौमशी असलेले वैर तुम्हाला इन्साफापासून दूर नेऊ नये, हे सूरह माइदाने आपल्याला शिकवले आहे. त्यात समोरचा कसा वागला ही अट घातलेली नाही.

आणि ही शिकवण दोन्ही दारांवर लिहायला हवी. १२ मार्चच्या आधी जे काही झाले, तेही कुणीतरी असाच "म्हणून" म्हणत केले होते. डोळ्याच्या बदल्यात डोळा घेत गेलो तर सगळे जग आंधळे होईल, हे गांधीजींच्या नावाने सांगितले जाणारे वाक्य या चित्रपटात पडद्यावर येते, ते उगाच नाही.

तो घरी का बोलला नाही?

मुलाने मला आणखी एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "पोलिसांनी ऐकले नाही हे कळले. पण तो पकडला गेला नसता तर बोलला असता का?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता. खरेच, गुल्लू पस्तावून पोलिसांकडे सांगायला गेला नव्हता. तो ताब्यात होता म्हणून बोलला. त्याआधी? पोरे दुबईमार्गे पाकिस्तानात जाऊन शस्त्रे चालवायला शिकून आली. कित्येक दिवस घराबाहेर होती. परत आल्यावर ती कोणाच्या ना कोणाच्या हातचे जेवत होती, कोणाच्या ना कोणाच्या घरात झोपत होती. प्रत्यक्षात त्या घरांत काय घडले हे मी सांगू शकत नाही आणि त्या मातांना दोष देण्याचा मला हक्क नाही. दंगलीत ज्यांची घरे, दुकाने जळाली, त्या घरांत कोण कोणाला काय विचारणार? पण आई म्हणून तो प्रश्न माझ्याभोवती फिरतोच. मुलगा गप्प झाला, त्याची संगत बदलली, खिशात पैसा आला, अचानक प्रवास घडला, तर मी विचारीन का? की "कमावतोय ना, जाऊ दे" म्हणून ताट वाढीन?

आपल्या घरांत बाप मुलाशी कधी बोलतो ते आठवून पाहा. मार्कशीट आल्यावर, पैसे हवे असल्यावर, नमाज चुकल्यावर. म्हणजे बोलणे हेच चौकशीसारखे झाले आहे. मग मूलही आरोपीसारखे उत्तर देते: विचारले तेवढेच, आणि तेही सुटण्यापुरते. नवपाड्याच्या त्या खोलीची लहानशी नक्कल आपण घराघरांत करून ठेवली आहे.

मुलगा पुढे म्हणाला, "आणि एखाद्या आईला कळले असते, ती पोलिसांकडे गेली असती, तर त्यांनी तिचे तरी ऐकले असते का?"

मी खोटे बोलले नाही. म्हटले, "त्या दिवसांत? कदाचित नसते."

पण मग मी त्याला भिवंडीची गोष्ट सांगितली. १९८४ मध्ये भिवंडी दंगलीत होरपळली होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त तिथे आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या केल्या, त्यांत हिंदू-मुसलमान दोघांना बसवले, आणि पोलिसांना त्यांच्यात बसून ऐकायला लावले. तक्रार नळाची असो की मिरवणुकीची, ती आधी तिथे यायची. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. लोक तेच, पोलीस खातेही तेच. फरक एवढाच की संकट येण्याआधी बोलायची आणि ऐकायची सवय लागली होती. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या सुरू झाल्या. म्हणजे ऐकणे ही केवळ चांगुलपणाची बाब नाही, ती एक व्यवस्था आहे आणि ती उभी करता येते.

मुलाला दिलेले उत्तर

संध्याकाळी मी मुलाला त्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. "हा पिक्चर आपल्या विरुद्ध नाही. आपल्या बाजूचाही नाही. तो मेलेल्या माणसांच्या बाजूचा आहे. तुझ्या चाचादादांचा जो सोबती गेला, त्याच्या बाजूचा आहे. आणि तुला कोणी पुन्हा विचारले की तू श्रीवर्धनचा ना, तर रागावू नकोस, हसण्यावारीही नेऊ नकोस. त्याला खाली बसव आणि चाचादादांची गोष्ट सांग."

माझ्या भगिनींना एक सूचना करते. या चित्रपटात शिव्या आहेत, हिंसा आहे. लहान मुलांनी पाहण्यासारखा तो नाही. पण कॉलेजात जाणारी मुले तो तुकड्यातुकड्यांनी मोबाइलवर पाहतच आहेत आणि त्यातले फक्त डायलॉग उचलत आहेत. त्यापेक्षा मोठ्या मुलाच्या शेजारी बसून पहिली दहा मिनिटे तरी पाहा. मग थांबवा आणि त्याला विचारा, "तुला काय वाटले?" आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नका. मला हे जमायला फार वर्षे लागली. अजूनही दर वेळी जमते असे नाही.

मुलगा पनवेलला परत गेला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. त्यांच्या मजल्यावरचा एक मुलगा महिनाभरापासून कोणाशी बोलत नव्हता, मेसमध्येही येत नव्हता. सगळे त्याला शिष्ट म्हणत होते. माझा मुलगा त्याच्या खोलीत जाऊन बसला. काही मोठे निघाले नाही. वडिलांचे काम सुटले होते, मेसचे पैसे भरता आले नव्हते, सांगायची लाज वाटत होती. मुलांनी मिळून त्याची सोय केली.

"एवढेच होते अम्मी," तो म्हणाला.

मी म्हटले, "एवढेच असताना विचारलेस, हे बरे केलेस."